दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना जपा

दिवाळीची सुट्टी, सोयाबीनची मळणी आणि हरभऱ्याची पेरणी एकदमच येतात. लहान लेकरं घरी कुणाजवळ ठेवायची, म्हणून आपण ती रानात नेतो. धोका तिथंच असतो. बीजप्रक्रिया केलेलं रंगीत बियाणं लहानग्याला गोळ्यांसारखं दिसतं. ते उघडं ठेवू नका. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरू नका. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस मिसळलेलं तेल शाळेच्या जेवणात गेलं अन् २३ मुलं दगावली. औषधं कुलपात ठेवा. चालू मळणी यंत्राजवळ पोरांना फिरकू देऊ नका. विषबाधेची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. लेबल पाहून डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.