जुने गिऱ्हाईक आणि एका काचेचा चष्मा

व्यापारात गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक वाटसरू, तो भाव विचारतो, माल घेतो आणि निघून जातो. दुसरे कायमचे, ते वर्षानुवर्षे त्याच पेढीची पायरी चढते, मंदीत साथ देते आणि चार माणसांत आपले नाव चांगले सांगते. या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पेढीवर जे कर्ज असते ते कोणत्याही खातेवहीत लिहिलेले नसते. ते विसरले की काय होते, याचा एक धडा आइसलँडसारख्या दूरच्या देशातून मिळतो. तोही कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानातून नव्हे, तर संगणकावरील एका खेळातून.

खेळाचे नाव ऐकून बुजुर्ग मंडळींनी पान उलटू नये. आपली मुले, भाचे, पुतणे मोबाइलवर असे खेळ खेळतात आणि खेळाच्या आतल्या दुकानात खरे पैसे खर्च करतात, हे आता घरोघरी दिसते. परंतु मुलांना रागावण्यासाठी मी हा विषय घेतलेला नाही. त्या खेळातला बाजार आपल्या बाजारासारखाच होता, आणि तेथील व्यापारी व कारागीर ज्या कारणाने दुखावले ते कारण आपल्याला लगेच समजेल असे आहे.

खेळातील बाजारपेठ

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सी.सी.पी. नावाच्या कंपनीने मे २००३ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. निरनिराळ्या देशांतील हजारो खेळाडू इंटरनेटद्वारे एकाच अवकाशविश्वात एकत्र खेळतात. कोणी अवकाशयान घेऊन लढतो, कोणी मालाची ने-आण करतो, कोणी लघुग्रह फोडून खनिज काढतो.

या खेळाचे वैशिष्ट्य असे की त्यातील यान, तोफा आणि दारूगोळा हा बहुतेक सारा माल खेळाडूच तयार करतात. खाणवाला खनिज काढतो, कारागीर त्यापासून यान बनवतो, व्यापारी ते बाजारात नेऊन विकतो. सर्वांत मोठी पेठ ‘जिता’ नावाच्या ठिकाणी आहे. तेथे भाव कंपनी ठरवत नाही. मागणी आणि पुरवठा ठरवतो. लढाईत यान फुटले की ते कायमचे गेले, म्हणून कारागिराला नवे काम मिळते. हा बाजार इतका खरा होता की त्याचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली.

कंपनीची कमाई वर्गणीतून होत असे. महिन्याला १४.९५ डॉलर, श्रीमंताला तेवढेच आणि गरिबाला तेवढेच. खेळाडूंची संख्या वाढत वाढत आइसलँडच्या लोकसंख्येच्या पुढे गेली, म्हणजे तीन लाखांवर. यांतील कित्येकजण सात-आठ वर्षे टिकून होते. कोणी आपली मोठी संघटना उभी केली होती, कोणी कारखानदारी जमवली होती. खेळ म्हणा किंवा काही म्हणा, त्यांची वर्षे त्यात गेली होती.

पैशाचा व्यवहार त्यांना मुळातच मान्य नव्हता असे समजू नये. २००८ मध्ये कंपनीने ‘प्लेक्स’ नावाची एक हुंडी काढली. एक प्लेक्स म्हणजे एका महिन्याची वर्गणी. ज्याच्याकडे डॉलर आहेत पण वेळ नाही, तो ती विकत घेऊन खेळातल्या बाजारात खेळातल्या नाण्यावर विकी. ज्याच्याकडे वेळ आहे पण डॉलर नाहीत, तो मेहनतीने नाणे जमवून ती घेई आणि खिशातला पैसा न घालता खेळे. या सौद्यात दोघांचाही फायदा होता आणि तिसऱ्याच्या रोजीला धक्का नव्हता, कारण प्लेक्समुळे नवीन यान किंवा नवीन नाणे तयार होत नसे. जे एकाकडे होते ते दुसऱ्याकडे जाई, एवढेच. जुन्या खेळाडूंनी हा सौदा रास्त मानला.

जून २०११ मध्ये काय घडले

२१ जून २०११ रोजी कंपनीने ‘इन्कार्ना’ नावाचा मोठा बदल आणला आणि त्याबरोबर खेळाच्या आत ‘नोबल एक्स्चेंज’ नावाचे स्वतःचे दुकान उघडले. त्यात खेळातील पात्रासाठी कपडे, बूट आणि एका डोळ्याला लावायचा एका काचेचा चष्मा विक्रीला ठेवला. किंमत डॉलरमध्ये लिहिलेली नव्हती. त्यासाठी ‘ऑरम’ नावाचे वेगळे नाणे काढले होते. आधी डॉलर देऊन प्लेक्स घ्यायचा, मग एक प्लेक्स मोडून ३,५०० ऑरम मिळवायचे. चष्म्याची किंमत होती १२,००० ऑरम.

खेळाडूंनी हिशेब मांडला तेव्हा ती रक्कम साठ ते सत्तर डॉलरच्या दरम्यान निघाली. म्हणजे चार महिन्यांच्या वर्गणीहून अधिक. त्या वेळच्या भावाने आपले सुमारे तीन हजार रुपये. ते कशासाठी? पडद्यावर रंगवलेल्या एका काचेसाठी.

हा चष्मा घालून मिरवायचे तरी कोठे? इन्कार्नात प्रत्येक खेळाडूला एक खोली मिळाली होती. त्या खोलीत त्याचे पात्र एकटेच हिंडे. दुसरे कोणी आत येत नसे आणि बाहेर जाण्याचा दरवाजा उघडतच नसे. स्थानकावर एकत्र फिरण्याचे जे स्वप्न कंपनीने कित्येक वर्षे दाखवले होते ते त्या बंद दरवाजाशी येऊन थांबले होते.

घरातले बोलणे बाहेर आले

एवढ्यावर नाराजी कदाचित निवळली असती. पण त्याच आठवड्यात कंपनीचे एक अंतर्गत वार्तापत्र बाहेर फुटले. लोभ चांगला की वाईट, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच होता. त्यात खेळातील दुकानातून पुढे काय काय विकता येईल याची चर्चा होती. केवळ कपडे नव्हे, तर यान आणि दारूगोळासुद्धा.

येथे प्रश्न शौकाचा राहिला नाही, रोजीचा झाला. कंपनीच जर तयार यान डॉलर घेऊन विकू लागली, तर खाणवाल्याने खनिज का काढावे आणि कारागिराने कारखाना का चालवावा? ज्या गिरणीचा माल आपण वर्षानुवर्षे विकतो, त्या गिरणीने आपल्याच दुकानासमोर स्वतःचे दुकान थाटावे, असाच हा प्रकार.

खेळाडूंनी खुलासा मागितला. कंपनीच्या एका वरिष्ठाने लेखी उत्तर दिले, त्यात दाखला जीन्स पँटचा होता. पन्नास डॉलरच्या आत तशीच जीन्स मिळत असताना लोक एखाद्या खास जपानी दुकानातून हजार डॉलरची जीन्स घेऊन घालतातच की, अशा अर्थाचे ते म्हणणे होते. आमच्यासारख्या, कापडात आयुष्य गेलेल्या माणसाला या दाखल्यातील खोट ताबडतोब दिसते. महाग जीन्स विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाकडून दरमहा दुकानात शिरण्याची फी घेत नाही. आणि जीन्स घेणारा ती चार लोकांत घालून हिंडतो. बंद खोलीत आरशासमोर उभा राहत नाही. हातमागाच्या साडीला दहापट दाम मिळतो, कारण विणकराचे कसब गिऱ्हाइकाला बोटांनी चाचपता येते. दाम मोठा असणे हा गुन्हा नाही. दामाच्या बदल्यात काय दिले, हा सवाल आहे.

पाठोपाठ कंपनीचे प्रमुख हिल्मर वेगर पेटुर्सन यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्रही बाहेर आले. खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात ते पाहावे, आणि पहिल्या चाळीस तासांत ५२ चष्मे विकले गेले आहेत, असा त्याचा आशय होता. गल्ल्यावर बसलेल्या माणसाची ही जुनी चूक आहे. काय विकले गेले ते गल्ला सांगतो. कोण उठून गेले ते गल्ला सांगत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी नवीन दुकानदार जोडण्यासाठी मी त्यांना मीटरमागे दोन रुपये कमी भाव लावला. अठरा वर्षे माझ्याकडून माल नेणारे एक दुकानदार तोच माल जुन्या भावाने नेत होते. त्या महिन्यात विक्री वाढली आणि मी खूश होतो. त्या गृहस्थांना माझ्या नव्या भावाची खबर दुसऱ्याच कोणाकडून लागली. ते आले, मागील बाकी चुकती केली, चहा घेतला, मुलांची विचारपूस केली आणि परत कधी आले नाहीत. दोन रुपयांनी ते गरीब झाले नव्हते. अठरा वर्षांची किंमत मी दोन रुपयेसुद्धा धरली नाही, याचे त्यांना दुःख होते. हे मला फार उशिरा कळले.

जिताच्या चौकातील निदर्शने

ईव्हचे खेळाडू मात्र गप्प बसले नाहीत. शेकडो खेळाडू आपापली याने घेऊन जिताच्या पेठेत जमले आणि तेथील एका मोठ्या स्मारकावर गोळ्या झाडू लागले. ते स्मारक गोळ्यांनी फुटणारे नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते. निषेध नोंदवायचा होता. ज्या पेठेत ते रोज सौदे करीत, तीच पेठ त्यांनी निषेधासाठी निवडली. दुसरीकडे अनेकांनी वर्गणी बंद केली.

या खेळात २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक प्रतिनिधी मंडळ आहे. कंपनीने त्याला तातडीने रेक्याविकला बोलावले. ३० जून आणि १ जुलै रोजी बैठक झाली आणि दुकानात केवळ शोभेच्या वस्तू राहतील, खेळाचा तोल बिघडवणारी वस्तू विकणार नाही, असे जाहीर झाले. तरी मने साफ झाली नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत धुसफूस चालूच राहिली.

अखेर ५ ऑक्टोबर २०११ रोजी पेटुर्सन यांनी खेळाडूंना जाहीर पत्र लिहून स्वतःची चूक कबूल केली आणि माफी मागितली. दोन आठवड्यांनी, १९ ऑक्टोबरला, कंपनीने जगभरातील आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे पाचवा हिस्सा कमी करीत असल्याचे जाहीर केले. कंपनी त्या वेळी आणखी दोन खेळ तयार करीत होती आणि खर्च पेलत नव्हता, हेही खरे कारण होते. परंतु ज्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकाच्या आधाराची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवसांत ते दुखावलेले होते. निर्णय वरच्यांचे, आणि नोकरी गेली खालच्यांची.

माफीनंतर कंपनीने कृतीही केली. नोव्हेंबर २०११ मध्ये जो पुढचा बदल आला त्यात चष्मे आणि खोल्या बाजूला ठेवून याने आणि जुन्या तक्रारी यांच्यावर काम केले होते. पुष्कळ खेळाडू परतले, आणि २०१३ मध्ये वर्गणीदारांची संख्या पाच लाखांवर गेल्याचे कंपनीने सांगितले. ती बंद दरवाजाची खोली २०१७ मध्ये खेळातून काढून टाकण्यात आली.

तरीही सांधलेल्या भांड्याची रेघ राहते. २०१६ मध्ये पात्राचे कसब, जे पूर्वी केवळ काळ गेल्यावरच मिळे, ते खरेदी करण्याची सोय आली तेव्हा जुन्या मंडळींना पुन्हा २०११ आठवले. कंपनी म्हणे की हे कसब दुसऱ्या खेळाडूकडूनच येते, आम्ही नवीन निर्माण करीत नाही. हिशेबाने ते बरोबर होते. पण वेळ ही एकच गोष्ट श्रीमंत-गरिबाला सारखी होती, असे जुन्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये कंपनी दक्षिण कोरियाच्या पर्ल अॅबिसने विकत घेण्याचा करार झाला आणि मे २०२२ मध्ये वर्गणी १९.९९ डॉलर झाली. दरवेळी तोच प्रश्न उठला: मूळ सौदा काय ठरला होता?

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट, किंमत उघड असावी. खरेदी-विक्रीत किंमत दोन्ही पक्षांना स्पष्ट माहीत असणे ही शरीयतची अट आहे, आणि ती शहाणपणाचीही आहे. डॉलरचा प्लेक्स, प्लेक्सचा ऑरम, असे नाणे बदलत नेले की गिऱ्हाइकाला आपण किती देतो तेच कळत नाही. घरातील मुलांनाही हेच शिकवावे. खेळातले ‘डायमंड’ आणि ‘कॉइन’ घेण्यापूर्वी त्याचे रुपये किती झाले ते कागदावर मांडायला सांगावे. अर्धी खरेदी तेथेच थांबेल.

दुसरी गोष्ट, मूळ सौदा बदलायचा असेल तर जुन्या गिऱ्हाइकाला प्रथम सांगावा. आज आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवरून थेट विक्री सुरू केली आहे. त्यात गैर काही नाही. परंतु जो किरकोळ दुकानदार वीस वर्षे आपला माल खपवत आला, त्याला ती बातमी आपल्या तोंडून कळावी, गिऱ्हाइकाच्या फोनमधून नव्हे.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक पाठ फिरवल्यावर आपण त्याच्याविषयी जे बोलतो, ते त्याने ऐकले तर चालेल असेच असावे. प्रेषित मुहम्मद (स.) हे स्वतः व्यापारी होते आणि नबुव्वतच्या आधीपासून मक्केचे लोक त्यांना अल-अमीन म्हणत. लोक आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवीत, कारण तोंडावर एक आणि पाठीमागे एक असे तेथे नव्हते.

आणि चूक झालीच, तर माफी मागण्यात पेढीची इज्जत जात नाही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने जगासमोर मागितली. त्याला साडेतीन महिने लागले, एवढीच त्यात उणीव. मी त्या दुकानदारांकडे गेलोच नाही. आज जावे म्हटले तरी ते हयात नाहीत.