सिंहशावकांचा रोजनामा

गिरनारच्या पायथ्याशी वसलेल्या जुनागढ शहरात नबाबी अमदानीत, 1863 साली, स्थापन झालेले सक्करबाग हे आपल्या देशातील जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक होय. संस्थान विलीन झाले, दप्तरे आणि अंमलदार बदलले, तरी गीरच्या सिंहाशी असलेला त्याचा ऋणानुबंध तुटला नाही. 1958 पासून येथे आशियाई सिंहांची नियोजनपूर्वक पैदास होत आली आहे. आणि मध्यंतरी अनेक संग्रहालयांत आफ्रिकी व आशियाई सिंहांचा बेबंद संकर होऊन बसल्यामुळे, अस्सल वंशाचा सिंह हवा असणाऱ्याला सक्करबागेचे दार ठोठावणे प्राप्तच झाले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2022 साली आलेली सिंहाची जोडी याच बागेतली.

तथापि पैदास म्हणजे केवळ नर-मादीची गाठ घालून देणे नव्हे. सुमारे 110 दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मणारा छावा दीड किलोच्या आगेमागे वजनाचा, डोळे मिटलेला, अंगावर पुसट ठिपके मिरवणारा आणि सर्वथा परावलंबी असतो. जंगलात सिंहीण प्रसूतीसाठी कळपापासून दूर जाते, आणि धोक्याची शंका येताच पिले तोंडात धरून दुसऱ्या झुडपात हलवते. पिंजऱ्यात ही उपजत बुद्धी शाबूत असते, परंतु जागा नसते, आणि म्हणून बिथरलेली माता त्याच चार भिंतींत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पिलाला वाहून नेत राहते, ती कधी कधी त्याला इजा होईपर्यंत. यासाठीच पहिल्या काही आठवड्यांत अंधार, निःशब्दता आणि एकाच परिचित रक्षकाचा वावर एवढाच बंदोबस्त शहाणपणाचा ठरतो. हौशी पाहुण्याला, मग तो कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, तेथे मज्जाव असावा.

पुढे डोळे उघडतात, दोन आठवड्यांच्या सुमारास पावले पडू लागतात, दुधाचे दात येतात, आणि खऱ्या निरीक्षणास आरंभ होतो. त्याची रीत दिसावयास अगदी साधी आहे: दर पाच मिनिटांनी नजर टाकावी आणि प्रत्येक छावा त्या क्षणी काय करीत आहे, झोपला आहे, दूध पीत आहे, भावंडाच्या शेपटीवर झेप घेत आहे की जाळीलगत येरझारा घालीत आहे, हे वहीत टिपावे, किंवा एकाच छाव्याचा ठराविक वेळ पाठपुरावा करावा. जीन ऑल्टमन या अमेरिकन संशोधिकेने 1974 साली अशा पद्धतींची शिस्तशीर मांडणी केली, आणि तेव्हापासून पाहणाऱ्याच्या लहरीला बराच आळा बसला. हा रोजनामा वाचणाऱ्याची प्रथम निराशाच होते, कारण पानेच्या पाने झोपेने भरलेली असतात. परंतु सुदृढ छाव्याचा दिवस असाच असावयाचा, आणि हा नित्यक्रम ज्याला पाठ आहे त्यालाच त्यातला बारीकसा बदल कळतो. सर्वांत आधी आटतो तो खेळ. भूक टिकून असते, वजनही अद्याप उतरलेले नसते, पण भावंडांच्या झटापटीतून एक जण अलगद बाजूला होतो, आणि तेवढी एक नोंद वैद्याला दोन दिवस आधी बोलावण्यास पुरेशी असते.

आहारातील दोषही असेच चालीतून बोलतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेल्याच्या मागील शतकात छावे मुडदुसाने दगावत असत. 1889 साली जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने त्यांच्या घोड्याच्या चरबीविरहित मांसात हाडांचा चुरा, दूध आणि कॉडलिव्हर तेल यांची भर घालण्यास सांगितले, आणि तीन महिन्यांत ते सावरले. निव्वळ मऊ मांस खाऊ घालणे म्हणजे लाड नव्हेत, ती उपासमारच होय, हे तेव्हा सिद्ध झाले. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असलेला छावा डोके मागे टाकून आकाशाकडे टक लावतो आणि चालताना झोकांड्या खातो. प्रेक्षकांना ते गमतीचे वाटते, जाणत्या रक्षकाच्या मात्र काळजात चर्र होते.

गीरमध्ये 2018 साली श्वानज्वराच्या साथीत सिंह मेले, तेव्हा एकाच अरण्यात सगळी पुंजी ठेवण्यातला धोका सर्वांना दिसला, आणि बंदिस्त सिंहांचे मोल वाढले. मोल वाढले म्हणून छाव्यांभोवती यंत्रे वाढली, कॅमेरे आले, आणि ते उपयोगाचे आहेतच. पण कॅमेरा जे टिपतो त्याचा अर्थ लावावयास तोच पाणी घालणारा, तोच खोली झाडणारा मनुष्य लागतो. असे असून त्याची बदली सरकारी शिरस्त्याने वाटेल तेव्हा होते, आणि त्याची वही अडगळीत जाते. छाव्यांचे दूध तुटेपर्यंत, म्हणजे निदान सहा-सात महिने, त्यांच्या रक्षकास हलवू नये, आणि त्याच्या वहीस वैद्याच्या कागदाइतकाच दाखल्याचा मान द्यावा, एवढी विनंती संग्रहालयांच्या चालकांना आहे.