निवाडा आणि फास

शिक्षा करण्याचा अधिकार हा राज्यसंस्थेच्या अधिकारांपैकी सर्वांत कठोर अधिकार होय, कारण माणसाला कोंडून ठेवणे, त्याची मालमत्ता काढून घेणे किंवा त्याचा जीव घेणे ही एरवी गुन्हा ठरणारी कृत्ये राज्य कायद्याच्या नावाने करते, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी त्यांचे कारण सांगण्यास ते बांधील असते. सत्तेवरून खाली खेचलेल्या हुकूमशहाच्या बाबतीत हे कारण सांगणे फार अवघड होऊन बसते. त्याचे गुन्हे इतके मोठे असतात की कोणतीही शिक्षा अपुरी वाटावी, त्याला शिक्षा देणारे बहुधा कालपर्यंत त्याचे शत्रू असतात, आणि तो जिवंत राहिला तर पुन्हा सत्ता बळकावील ही भीतीही निराधार नसते. या प्रश्नाची चर्चा सहसा पॅरिस किंवा बगदाद येथील घटनांभोवती फिरते. परंतु कॅनडातील हॅमिल्टन शहराच्या आजच्या हद्दीत १८१४ साली घडलेले एक प्रकरण त्याच्या मुळाशी अधिक स्पष्टपणे नेते. तेथील आरोपी हुकूमशहा नव्हते, ते बहुतेक सामान्य वसाहतवासी होते. तरीही त्यांना मारण्यामागे जी कारणे होती तीच पुढे पदच्युत सत्ताधीशांच्या बाबतीतही पुढे केली गेली.

१८१२ साली ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले तेव्हा अप्पर कॅनडा, म्हणजे आजचे दक्षिण ऑन्टारिओ, ही ब्रिटिश वसाहत होती आणि तिच्यातील पुष्कळसे रहिवासी थोड्याच वर्षांपूर्वी अमेरिकेतून येऊन स्थायिक झालेले होते. त्यांच्यातील काहींनी युद्धात अमेरिकेची बाजू घेतली. जोसेफ विलकॉक्स हा तर वसाहतीच्या विधानसभेचा सदस्य होता. १८१३ मध्ये तो शत्रूला जाऊन मिळाला आणि फितूर कॅनडावासीयांची एक तुकडी घेऊन स्वतःच्याच प्रांताविरुद्ध लढू लागला. अशा टोळ्यांनी सीमेवरील वस्त्या लुटल्या, राजनिष्ठ शेजाऱ्यांना पकडून नेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याने नायगारा गाव जाळले. त्याआधी नोव्हेंबरात नॉरफोकच्या नागरी पथकाने एका लुटारू टोळीला गाठून तिच्यातील अनेकांना कैद केले होते. या कैद्यांचे काय करायचे, हा प्रश्न वसाहतीचा प्रशासक लेफ्टनंट जनरल गॉर्डन ड्रमंड याच्यापुढे होता, आणि लोकांना जरब बसेल अशी शिक्षा शक्य तितक्या लवकर व्हावी, अशी त्याची इच्छा होती.

सरकारतर्फे खटले चालवणारा मुख्य कायदा अधिकारी, म्हणजे हंगामी अॅटर्नी जनरल, जॉन बेव्हर्ली रॉबिन्सन हा त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. लष्करी न्यायालयाऐवजी नेहमीच्या नागरी न्यायालयात, ज्यूरीसमोर हे खटले चालावेत असा आग्रह त्याने धरला. सैन्याने मारले तर लोक त्याला मनमानी समजतील, परंतु देशाच्या कायद्याने आणि आपल्यासारख्याच माणसांच्या ज्यूरीने दोषी ठरवले तर त्या शिक्षेचा खरा परिणाम होईल, असा त्याचा युक्तिवाद होता. या आग्रहात कायद्याविषयी आदर होता यात शंका नाही. मात्र कायदेशीर खटला पसंत करण्याचे एक कारण, त्यामुळे दहशत अधिक खोल रुजेल, हे होते, ही गोष्ट वाचकाने नजरेआड करू नये.

२३ मे १८१४ रोजी अँकॅस्टर येथे विशेष सत्र सुरू झाले. हे गाव तेव्हा स्वतंत्र होते आणि २००१ पासून ते हॅमिल्टनमध्ये समाविष्ट आहे. मुख्य न्यायाधीश टॉमस स्कॉट, विल्यम डमर पॉवेल आणि विल्यम कॅम्बेल यांच्यासमोर राजद्रोहाचे, म्हणजे राजाशी असलेली निष्ठा मोडून त्याच्या शत्रूला साथ दिल्याचे, खटले उभे राहिले. हजर असलेल्या एकोणीस आरोपींपैकी एकाने गुन्हा कबूल केला, चौदा जण दोषी ठरले आणि चौघे निर्दोष सुटले. युद्ध ऐन भरात असताना आणि संतापाचे वातावरण असताना चौघांची सुटका व्हावी, यावरून हे खटले केवळ देखावा नव्हते असे म्हणता येते. पंधराही दोषींना कायद्याने ठरवून दिलेली एकच शिक्षा सुनावली गेली: फाशी, देहाची विटंबना आणि शिरच्छेद. प्रत्यक्षात मात्र २० जुलै १८१४ रोजी बर्लिंग्टन हाइट्सवर, म्हणजे जेथे पुढे दोन दशकांनी डंडर्न कॅसल उभा राहिला त्या टेकाडाच्या परिसरात, आठ जणांना फाशी देऊन त्यांची शिरे जाहीरपणे मांडण्यात आली आणि उरलेल्या सात जणांची फाशी स्थगित झाली. त्या सातांपैकी काही किंग्स्टनच्या तुरुंगात तापाने मेले, काहींना हद्दपार व्हावे लागले.

येथेच विचार करण्याजोगा धागा हाती लागतो. पंधराही जणांचा गुन्हा कायद्याच्या दृष्टीने एकच आणि शिक्षाही एकच असताना आठ आणि सात अशी विभागणी ज्यूरीने केली नाही, सरकारने केली. शिक्षेच्या समर्थनाचे दोन मुख्य प्रवाह मानले जातात. एक प्रतिफलवाद, ज्याच्या मते गुन्हेगार शिक्षेस पात्र आहे एवढेच शिक्षेचे पुरेसे कारण असते; दुसरा उपयुक्ततावाद, जो शिक्षेचे समर्थन तिच्या परिणामांत, म्हणजे जरब, सुरक्षितता किंवा सुधारणा यांत शोधतो. अँकॅस्टरमध्ये दोषनिश्चिती पहिल्या तत्त्वाने झाली. फास कोणाच्या गळ्यात पडणार हे मात्र दुसऱ्याने ठरवले. न्यायालयाने पात्रता सांगितली आणि राज्याने उपयोग पाहिला, आणि या दोन गोष्टींमधील अंतर इतके स्पष्ट फार थोड्या प्रकरणांत दिसते.

पदच्युत सत्ताधीशाबाबत हेच अंतर आणखी रुंद होते. देहान्त शिक्षेचा आधुनिक काळातील पहिला मोठा विरोधक इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ च्या आपल्या ग्रंथात ती शिक्षा निरुपयोगी आणि अन्याय्य ठरवली, पण एक अपवाद ठेवला: कैदेत असूनही ज्याचे लागेबांधे आणि प्रभाव राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका ठरू शकतो, किंवा अराजकाच्या काळात ज्याच्या अस्तित्वानेच उठाव होऊ शकतो, त्याचा मृत्यू आवश्यक असू शकतो. हे वर्णन उलथवलेल्या हुकूमशहालाच लागू पडते. १७९१ मध्ये फ्रान्सच्या संविधान सभेत देहान्त शिक्षा रद्द करण्याची मागणी करणारा रोबेस्पिएर डिसेंबर १७९२ मध्ये पदच्युत राजा सोळाव्या लुईच्या बाबतीत याच दिशेने वळला. राजाचा न्यायनिवाडा करायचाच नाही, राष्ट्र जगण्यासाठी त्याने मेले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या युक्तिवादाची क्रूरता जितकी उघड आहे तितकीच त्याची सचोटीही उघड आहे, कारण जे कृत्य युद्धाचे आहे त्याला न्यायाचे नाव देण्याचे त्याने टाळले. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट खुन्याला मृत्युदंड देणे हे राज्याचे कर्तव्य मानत असे. तरीही राजाच्या औपचारिक वधाकडे त्याने भयाने पाहिले, कारण कायद्याचा उगमच कायद्याच्या नावाने ठार केला जातो असे त्याला वाटले. कायद्यापेक्षा वरचढ कोणी नाही असे मानणाऱ्या आजच्या काळाला हे कारण मान्य होणार नाही. मात्र कांटचे दुसरे तत्त्व, की माणसाचा उपयोग केवळ दुसऱ्यांच्या हेतूंसाठी साधन म्हणून करता येत नाही, ते हुकूमशहालाही लागू होते. आणि इतरांना दाखवण्यासाठी मांडलेले शिर हे त्या तत्त्वाचे सरळ उल्लंघन आहे.

इराकचा पदच्युत हुकूमशहा सद्दाम हुसेन याच्या प्रकरणात सुरक्षिततेचे कारण आणि न्यायाचे कारण यांची गल्लत किती महाग पडते ते दिसले. दुजैल गावातील १४८ शिया पुरुष व मुलांच्या हत्येबद्दल ५ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला आणि ३० डिसेंबरला, अपील फेटाळल्यावर चारच दिवसांनी, फाशी देण्यात आली. फाशीच्या वेळी उपस्थितांनी केलेली हेटाळणी मोबाइलवर चित्रित होऊन जगभर पसरली आणि एका राज्याचा निवाडा एका गटाच्या सूडासारखा दिसू लागला. पण याहून मोठी हानी वेगळीच होती. कुर्दांच्या विरुद्ध १९८८ मध्ये राबवलेल्या अनफाल मोहिमेचा खटला तेव्हा चालू होता, आणि मुख्य आरोपीच्या मृत्यूने त्याच्याविरुद्धचे ते आरोप संपुष्टात आले. हजारो कुर्द कुटुंबांना ज्या माणसाकडून उत्तर हवे होते, तो त्यांच्या खटल्यात दोषी ठरण्याआधीच मारला गेला. दुजैलच्या पीडितांची त्याच्या मृत्यूची मागणी समजण्यासारखी आहे, आणि तिला केवळ सूडबुद्धी म्हणणे हा त्यांच्या दुःखाचा अपमान ठरेल. परंतु एका गावाला मिळालेला फास दुसऱ्या प्रदेशाच्या निवाड्याचा हक्क खाऊन गेला, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने होत नाही.

निवाडा आणि फास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठी इतिहासाला पूर्वीपासून ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर बसला, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याला दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरेने सांगितले जाते. हा निवाडा अमलात येणार नव्हता हे त्यांना माहीत असलेच पाहिजे. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावी मेला तो काही त्या निवाड्यामुळे नव्हे. तरीही सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ रामशास्त्र्यांचे नाव टिकले, ते त्या निवाड्यामुळे. अँकॅस्टरचे आरोपी बेड्यांत होते आणि न्यायासनामागे साम्राज्याचे सैन्य उभे होते, तर येथे आरोपी गादीवर होता आणि न्यायाधीशाच्या हाती शब्दाखेरीज काहीही नव्हते. गुन्हा कोणाचा, तो किती मोठा आणि तो कोणत्याही पदाने झाकला जात नाही, हे जाहीरपणे सांगण्यात न्यायाचा जो भाग असतो तो पूर्ण होण्यासाठी प्रेताची गरज पडत नाही.

यावर बेक्कारियाचा अपवाद पुढे करणाऱ्यांचे म्हणणे गंभीरपणे ऐकले पाहिजे. नेपोलियन १८१५ मध्ये एल्बा बेटावरून निसटला, पॅरिसला परतला आणि वॉटर्लूपर्यंत पुन्हा हजारो माणसे मेली. त्याला जिवंत ठेवण्याची किंमत त्यांनी मोजली. पण त्याच नेपोलियनला नंतर सेंट हेलेना बेटावर नेले आणि १८२१ मध्ये मरेपर्यंत तो तेथून हलू शकला नाही. दोष कैदेच्या कल्पनेत नव्हता, ढिसाळ कैदेत होता. रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याची पत्नी यांना २५ डिसेंबर १९८९ रोजी सुमारे तासाभराच्या खटल्यानंतर लगेच गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच रुमानियाने दोनच आठवड्यांत देहान्त शिक्षा रद्द केली. ज्या राज्याला ती आपल्या नागरिकांसाठी असह्य वाटली, त्याने ती आधी एका घाईच्या खटल्यात वापरून घेतली होती.

युद्धकाळात कायमस्वरूपी वाटणारा धोका किती अल्पायुषी असतो, याचा पुरावाही अँकॅस्टरच्याच भूभागात आहे. १८३७ च्या अप्पर कॅनडातील बंडानंतर सॅम्युएल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज यांना १२ एप्रिल १८३८ रोजी टोरांटोत फाशी दिली गेली. त्यांना शिक्षा सुनावणारा मुख्य न्यायाधीश होता तोच रॉबिन्सन, ज्याने चोवीस वर्षांपूर्वी अँकॅस्टरचे खटले चालवले होते. बंडाचा नेता विल्यम लायन मॅकेन्झी मात्र अमेरिकेत पळाला, १८४९ मध्ये माफी मिळाल्यावर परतला, आणि १८५१ मध्ये लोकांनी त्याला विधिमंडळावर निवडून दिले. नेता जिवंत राहिल्याने राज्य कोसळले नाही, आणि लाउंट व मॅथ्यूज यांच्या मृत्यूने ते अधिक सुरक्षित झाले असेही कोणी दाखवलेले नाही.

कॅनडाच्या संसदेने जुलै १९७६ मध्ये सामान्य गुन्ह्यांसाठी देहान्त शिक्षा रद्द केली आणि १९९८ मध्ये लष्करी कायद्यातूनही ती काढली. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी २००० साली केलेल्या कायद्यातही कमाल शिक्षा जन्मठेपेची ठेवली. आंतरराष्ट्रीय न्यायाने तोच मार्ग धरला होता. १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेने रवांडासाठी न्यायाधिकरण स्थापले तेव्हा त्यात मृत्युदंड नसणे हे रवांडाच्या विरोधी मताचे एक कारण होते, आणि नुकताच नरसंहार सोसलेल्या देशाचा तो राग सहज समजण्याजोगा होता. त्या न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये माजी पंतप्रधान जाँ कांबांडा याला नरसंहाराबद्दल जन्मठेप दिली. २००७ मध्ये रवांडाने स्वतःच्या कायद्यातूनही देहान्त शिक्षा काढून टाकली. याच नरसंहारातील एक आरोपी देझिरे मुन्यानेझा कॅनडात सापडला तेव्हा मॉन्ट्रियलच्या न्यायालयाने रवांडा, फ्रान्स आणि टांझानिया येथे जाऊन साक्षी नोंदवल्या आणि २००९ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली. या कामाला कित्येक वर्षे लागली, आणि तेवढा वेळ साक्षीदारांचे म्हणणे न्यायाधीशांपुढे एकेक करून नोंदले जात राहिले.