बिट ओळखायचं तर आधी बेअरिंग पाहा

राउटरच्या बिटांचा संच घेतला की लाकडी खोक्यात बारा-पंधरा बिटं ओळीनं उभी मिळतात. झाकणावर चित्रं असतात, पण काही महिन्यांत बिटं एकमेकांच्या भोकांत जाऊन बसतात. मग हातातलं बिट कोणतं, हे पात्यावरूनच ठरवावं लागतं. तिथे घोळ होतो, कारण पातं उलटं चित्र दाखवतं. कडेला गोलाई देणाऱ्या राउंडओव्हरचं पातं आत खोलगट असतं, तर कड आतून कोरणाऱ्या कोव्हचं पातं बाहेर फुगीर. म्हणून पात्यालगतची रिकामी जागा पाहावी. तेवढं लाकूड शिल्लक राहणार असतं.

सर्वांत फसवी जोडी राउंडओव्हर आणि बीडिंगची. एकाच मापाची दोन्ही बिटं शेजारी धरली तर पात्यांत काही फरक सापडत नाही. फरक असतो टोकाच्या बेअरिंगमध्ये. राउंडओव्हरचं बेअरिंग बरोबर तिथपर्यंत येतं, जिथे गोलाई संपते. त्यामुळे गोलाई फळीच्या उभ्या बाजूत सपाट मिसळून जाते. बीडिंगचं बेअरिंग त्याहून लहान. पातं तेवढं जास्त आत शिरतं आणि गोलाईच्या खाली एक बारीक पायरी उरते. आकड्यांत सांगायचं तर राउंडओव्हरवर बहुतेक वेळा 12.7 मिमीचं बेअरिंग असतं आणि बीडिंगवर 9.5 मिमीचं. फरक 3.2, त्याचा निम्मा 1.6 मिमी, तीच त्या पायरीची रुंदी. मी एकदा सागवानी फळीची अख्खी कड मारून झाल्यावर बोट फिरवलं, तेव्हा ही पायरी नखाला लागली. गोलाई सुरेख आली होती, पण मला पायरी नको होती. तेव्हापासून नवं बिट हातात आलं की मी आधी बेअरिंगला व्हर्निअर लावतो. यात एक सोयही आहे: भोक सारखं असेल तर बेअरिंग बदलून एकाच बिटाकडून दोन्ही कामं करून घेता येतात.

वरच्या बाजूची पायरी मात्र वेगळी. ती राउटर जास्त खाली उतरवला की पडते, आणि दोन्ही बिटांनी पडते. तिच्यावरून बिट ओळखायला जाऊ नका.

बेअरिंग आहे की नाही, एवढ्यावरूनही पुष्कळ उलगडतं. बेअरिंग असेल तर काम कडेचं. नसेल तर बिट सहसा फळीच्या मधोमध खाच पाडण्यासाठी. कोव्हसारखंच फुगीर, पण बेअरिंग नसलेलं बिट दिसलं तर ते कोअर बॉक्स. त्यानं अर्धगोल खाच पडते. चॅम्फर आणि व्ही-ग्रूव्ह यांचंही तसंच.

बेअरिंग कुठे बसवलंय, हेही महत्त्वाचं. सनमायकाची वाढीव कड प्लायच्या बरोबरीनं छाटणाऱ्या फ्लश ट्रिम बिटाचं बेअरिंग टोकाला असतं. तेच सरळ पातं आणि बेअरिंग वर, दांड्याकडे असेल, तर ते पॅटर्न बिट. हातात राउटर धरून काम करताना पहिल्याला साचा फळीखाली लागतो, दुसऱ्याला फळीच्या वर.

पिळाच्या बिटांत अपकट आणि डाउनकट पटकन ओळखता येत नाहीत. शेजारी साधं ड्रिल बिट धरा. पीळ त्याच्यासारखा असेल तर अपकट: ते भुसा वर ओढतं, खाच मोकळी राहते, पण वरच्या व्हिनिअरचे तंतू उचकटतात. पीळ उलटा असेल तर डाउनकट. वरची धार स्वच्छ येते, भुसा मात्र खाचेत दबून बसतो. व्हिनिअरच्या प्लायवर मी डाउनकटच लावतो, वेळ जास्त लागला तरी चालेल.

आता दांडा. इथली चूक नुसती फळी बिघडवून थांबत नाही. 6 आणि 6.35 मिमी, किंवा 12 आणि 12.7 मिमी, डोळ्यांना एकच वाटतात. जाड दांडा बारीक कोलेटमध्ये शिरतच नाही, त्यामुळे तो प्रश्न सुटतो. पण 6 चा दांडा 6.35 च्या कोलेटमध्ये सहज जातो, पान्यानं आवळल्यावर घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि भर वेगात सरकून बाहेर येऊ शकतो. म्हणून राउटरचा प्लग काढलेला असतानाच दांड्यालाही व्हर्निअर लावा. माप जुळलं नाही, तर त्या दांड्याच्या मापाचा कोलेट मिळेपर्यंत ते बिट बाजूला राहू द्या.