उंदराच्या कानातले बिऱ्हाड

गेल्या सप्टेंबरात आम्ही चार मित्र शिमल्याच्या बाजूला डोंगर भटकायला गेलो होतो. परतल्यावर आठवड्याभरात मला थंडी वाजून ताप भरला. मलेरिया नाही, टायफॉईड नाही. ताप मात्र हटेना. अखेर एका वयस्कर डॉक्टरांनी सदरा काढायला लावला आणि काखेतली एक काळी खपली दाखवली. विडीने चटका द्यावा तशी. दुखत नव्हती, म्हणून मला तिचा पत्ताच नव्हता. “गवतात लोळला होतात वाटतं?” त्यांनी विचारले.

रोगाचे नाव स्क्रब टायफस. मी पडलो कलाशाखेचा विद्यार्थी. पण ज्याने अंथरूण धरायला लावले, त्याची ओळख करून घ्यावी म्हणून वाचू लागलो.

हा गोचिडीचा अगदी धाकटा भाऊबंद, माइट. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाला डिंभ म्हणतात. त्याला सहाच पाय, लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. हे पिलू गवताच्या पात्यावर वाट पाहत बसते, रानउंदीर आला की त्याच्या कानात बिऱ्हाड थाटते. ते रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस शोषते. पोट भरले की मातीत उतरते. पुढे आठ पायांचे झाल्यावर ते कुणाच्याही अंगावर जात नाही. बारीक कीटकांच्या अंड्यांवर जगते. म्हणजे आयुष्यात परान्न एकदाच! माणूस त्याच्या वाटेत येतो तो केवळ चुकून.

मग उंदीर मारले की झाले? नाही. ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ नावाचा रोगजंतू माइटच्या आईकडून अंड्यांत उतरतो. उंदीर त्यांना अन्न देतो आणि गावोगाव नेतो. रोगाचे खरे कोठार माइटच.

हिमाचलात २००३ साली या रोगाची मोठी साथ आली होती. पावसाळ्यानंतर गवत वाढते, आणि ते कापायला डोंगरउतारावर जातात त्या बहुधा बायका. आपणही निर्धास्त राहू नये. २०१८ मध्ये नागपूर भागातही रुग्ण सापडले.

डॉक्सिसायक्लिनने माझा ताप दोन दिवसांत उतरला. वेळीच ओळख पटली नाही, तर हाच रोग फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू गाठतो आणि जीवही घेतो. म्हणून मित्रहो, गवतात बसाल तर खाली चादर घाला, पायघोळ कपडे वापरा, परतल्यावर अंग घासून आंघोळ करा. आणि ताप आलाच, तर कुठल्या गवतात बसला होतात ते डॉक्टरांना न विचारता सांगा. मी ते पाच दिवस सांगितले नव्हते.