जमिनीचा हक्क नाकारलेल्याने वसविलेले शहर

जॉर्ज वॉशिंग्टन म्हटले, की अमेरिकेचे पहिले अध्यक्ष आठवतात. त्या देशाच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात सेंट्रालिया नावाचे सुमारे अठरा हजार वस्तीचे शहर आहे. तेथे मात्र हे नाव घेतले, की दुसराच माणूस डोळ्यांसमोर येतो. हा जॉर्ज वॉशिंग्टन कृष्णवर्णीय होता, त्याचे वडील गुलाम होते आणि हे शहर मुळात त्याच्या जमिनीवर उभे राहिले. शहराच्या मध्यभागी त्याच्याच नावाच्या उद्यानात २०१८ मध्ये त्याचे व पत्नी मेरी जेन यांचे ब्राँझचे शिल्प बसविण्यात आले.

अमेरिकेतील लहान गावांत संस्थापकाचे स्मारक ही नवलाईची गोष्ट नाही. रेल्वे आली, की एखादा जमीनमालक शेताचे भूखंड पाडून विके, चर्च किंवा दफनभूमीसाठी थोडी जागा फुकट देई आणि पुढे चौकात त्याच्या नावाची पाटी लागे. सेंट्रालियाची कथा वेगळी ठरते ती एका कायद्यामुळे.

वॉशिंग्टनचा जन्म १८१७ मध्ये व्हर्जिनियात झाला. आई गोरी होती. कॉक्रन नावाच्या गोऱ्या दांपत्याने त्याला मुलासारखे वाढविले. १८५० मध्ये हे कुटुंब पश्चिमेकडील ऑरेगन प्रदेशाच्या वाटेला लागले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने तेथे वसाहत करणाऱ्यांना मोफत जमीन देणारा कायदा केला. विवाहित जोडप्याला ६४० एकरांपर्यंत जमीन मिळे. कायद्याच्या नावातच 'डोनेशन', म्हणजे दान, हा शब्द होता. कृष्णवर्णीय मात्र त्या दानाला पात्र नव्हते. ऑरेगनच्या स्थानिक कायद्याने तर त्यांना तेथे स्थायिक होण्यासही मनाई केली होती. परिणामी वॉशिंग्टनने चेहालिस आणि स्कूकमचक नद्यांच्या संगमाजवळ निवडलेली जमीन कॉक्रन यांच्या नावावर लागली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर राबणारा एक आणि सातबारा दुसऱ्याचा. येथे तो दुसरा प्रामाणिक निघाला, हे नशीबच. कायद्याचा अडसर दूर झाल्यावर कॉक्रन यांनी ती जमीन वॉशिंग्टनच्या नावे केली.

१८७२ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा मार्ग या जमिनीवरून गेला. कोलंबिया नदी आणि टॅकोमा बंदर यांच्या साधारण मध्यावरचे हे ठिकाण वॉशिंग्टन दांपत्याने अचूक हेरले. ८ जानेवारी १८७५ रोजी त्यांनी 'सेंटरव्हिल' या गावाचा नकाशा सरकारदरबारी दाखल केला. भूखंडाची किंमत दहा डॉलर. अट एवढीच, की घेणाऱ्याने त्यावर शंभर डॉलरचे घर बांधावे. सट्टेबाजांना दूर ठेवण्याची ही साधी युक्ती होती. चर्च, दफनभूमी आणि सार्वजनिक चौकासाठी त्यांनी जागा दिली. १८८३ मध्ये गावाचे नाव सेंट्रालिया झाले.

गावकऱ्यांनी या माणसाची आठवण जपली ती १८९३ च्या आर्थिक मंदीमुळे. त्या वर्षी बँका बुडाल्या, कामे बंद पडली. वॉशिंग्टनने पोर्टलंडहून पीठ, तांदूळ, साखर आणून वाटली, बिनव्याजी कर्जे दिली. १९०५ मध्ये घोडागाडीतून फेकला गेल्याने तो जखमी झाला आणि त्यातच त्याचे निधन झाले.

त्याने दिलेल्या चौकात १९२४ मध्ये एका सैनिकाचा पुतळा उभा राहिला. १९१९ मध्ये शहरात माजी सैनिक आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या रक्तरंजित संघर्षात मारल्या गेलेल्या चार माजी सैनिकांचे ते स्मारक आहे. जागा देणाऱ्याच्या शिल्पाला मात्र आणखी ९४ वर्षे लागली.

शिवाय 'जमीन दिली' म्हणताना ती त्याआधी कोणाची होती, हा प्रश्न उरतोच. ती चेहालिस या मूलनिवासींची भूमी. १८५५ मध्ये त्यांच्याशी सरकारने सुरू केलेल्या वाटाघाटी फिसकटल्या, करार झालाच नाही. तरीही वसाहत वाढत गेली. १८६४ मध्ये केवळ सरकारी आदेशाने चेहालिस लोकांसाठी राखीव क्षेत्र आखण्यात आले. ते त्याच नदीच्या खालच्या अंगाला, ओकव्हिल गावाजवळ आजही आहे.