पुण्यात रोज सायकल चालवायची आहे? मग हे वाचा

“पुणं म्हणजे सायकलींचं शहर” हे आता आजोबांच्या तोंडीच शोभतं. तरी ऑफिसला सायकलने जाता येतं का? येतं, फक्त रस्ता निवडावा लागतो.

पेठा आणि डेक्कनचा भाग बराचसा सपाट. कोथरूडकडून चांदणी चौकात निघालात तर मात्र चढ दम काढतो, तिथे गिअरची सायकल हवीच. नदी ओलांडायला माझी पसंती झेड ब्रिजला, कारण तिथे चारचाकी येत नाहीत. भिडे पूल सोयीचा, पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो बंद होतो. फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत. उलट्या दिशेने घुसू नका, त्यापेक्षा प्रभात रोडच्या शांत गल्ल्या धरा.

सायकल ट्रॅकचं काय? सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) ट्रॅक झाले, 2017 मध्ये महापालिकेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षअखेरीस विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या. त्या सायकली गेल्या. ट्रॅक जिथे आहेत तिथे मध्येच खांब, पार्क केलेल्या दुचाकी, भेळेची गाडी, आणि चौक आला की ट्रॅक गायब! खरी भीती चौकातच असते, म्हणून मी ट्रॅक सोडून रस्त्याच्या डाव्या कडेने जातो. तिथेही गटाराच्या जाळ्या बघा, फटी चाकाच्या दिशेने असतील तर पातळ टायर अडकतो.

लांबचा पल्ला असेल तर मेट्रोत सायकल नेता येते. गर्दीची वेळ तेवढी टाळा.